सोबतीचे फळ : जॉर्ज म्युलर यांच्या तारुण्याची हकीकत

शलमोन राजाने नीतिसूत्रांच्या पुस्तकात तरुणांस जो बोध केला आहे, त्यात सोबतीविषयीचा बोध पहिल्याच अध्यायात आला आहे. पापी लोक फूस लावू लागले तर त्यांस रुकार देऊ नकोस, असे बाप आपल्या मुलास तेथे कळवळून सांगतो. पुढे तेराव्या अध्यायात तोच राजा दाखवितो की, मनुष्य ज्यांच्याबरोबर चालतो त्यांच्यासारखाच तो होतो. शहाण्यांचा सोबती शहाणा होतो आणि मूर्खांच्या सोबत्यास दुःख भोगावे लागते. शलमोनाचा स्वतःचा पुत्र रहबाम याने वृद्ध मंत्र्यांचा सल्ला झुगारून आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांचे ऐकले, आणि दहा वंश त्याच्या हातून गेले. पौल प्रेषितानेही करिंथ येथील मंडळीस याच गोष्टीविषयी सावध केले.

ही शास्त्रवचने आपल्या रविवारच्या शाळेतील मुलांस तोंडपाठ आहेत. तथापि मुलगा मोठा होऊन तालुक्याच्या गावी शिकावयास गेला, किंवा कामधंद्यासाठी शहरात राहू लागला, म्हणजे पाठांतर एकीकडे राहते व पाय दुसरीकडे वळतात. मग आईबाप पाळकाकडे येऊन विचारतात की, आम्ही त्याला शाळेत घातले, पैसा पुरविला, रागावलो, मारलेही; आता आणखी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एका मुलाची हकीकत सांगणे बरे. हा मुलगा पुढे अनाथांचा बाप म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. परंतु त्याच्या विसाव्या वर्षापर्यंत त्याचे लक्षण पाहून तसे कोणीही म्हटले नसते.

जॉर्ज म्युलर याचा जन्म 27 सप्टेंबर 1805 रोजी प्रशिया देशात हाल्बरश्टाट शहराजवळील क्रोपेनश्टेट या गावी झाला. तो चार वर्षांचा असता त्याच्या बापास हाइमर्सलेबेन या गावी सरकारी कर वसूल करण्याची नोकरी मिळाली. बापाचे आपल्या दोन मुलांपैकी जॉर्जवर अधिक प्रेम होते, व ते तो लपवीत नसे. याकोबाच्या घरात योसेफामुळे जे झाले ते बायबल वाचणाऱ्यास सांगावयास नको. शिवाय मुलांस लहानपणापासून पैसा जपून ठेवण्याची सवय व्हावी, या हेतूने तो त्यांच्या हाती बराच पैसा देत असे. हेतू चांगला होता, परंतु फळ उलटे आले. मुले पैसा उडवीत आणि हिशेब विचारला की खोटा देत. जॉर्ज दहा वर्षांचा होण्यापूर्वीच बापाच्या ताब्यातील सरकारी रकमेतून वारंवार चोरी करू लागला. बापास संशय आला, तेव्हा त्याने एके दिवशी रक्कम मोजून खोलीत ठेविली व मुलास तेथे एकटे सोडले. जॉर्जने त्यातील काही पैसे उचलून जोड्यात पायाखाली लपविले. झडती होताच ते सापडले. मार बसला. परंतु त्या मारातून त्याने एवढाच धडा घेतला की, पुढच्या वेळी चोरी अधिक चतुराईने केली पाहिजे.

दहाव्या-अकराव्या वर्षी त्यास हाल्बरश्टाट येथील शाळेत पाठविण्यात आले. त्याने पाळक व्हावे अशी बापाची इच्छा होती. देवाची सेवा घडावी म्हणून नव्हे, तर मुलास सुखाची नोकरी लागावी व म्हातारपणी आपणास त्याच्या घरी स्वस्थ राहता यावे म्हणून. शाळेच्या गावी घरची देखरेख नव्हती. जॉर्ज कादंबऱ्या वाची, पत्ते खेळे व दारूच्या दुकानात बसे. तो चौदा वर्षांचा असता त्याची आई गावी मरण पावली. त्या रात्री आपली आई शेवटच्या घटका मोजीत आहे हे त्यास ठाऊक नव्हते. तो रात्री दोन वाजेपर्यंत पत्ते खेळत होता, व दुसरे दिवशी, प्रभूच्या वारी, सोबत्यांबरोबर दारू पिऊन रस्त्यांतून झोकांड्या खात फिरला. आईच्या मातीसाठी मुलांस न्यावयास बाप आला तेव्हा त्यास ही बातमी कळली. या दुःखाचा परिणामही फार दिवस टिकला नाही.

1820 सालच्या ईस्टर सणात त्याचा मंडळीत दृढीकरणाचा विधी झाला. विधीच्या आदल्या दिवशी मुले पाळकापुढे पापे कबूल करीत, व त्या वेळी पाळकास दक्षिणा देण्याची रीत होती. बापाने दिलेल्या दक्षिणेचा बारावा हिस्सा तेवढा जॉर्जने पाळकाच्या हाती ठेविला व बाकीचे पैसे स्वतः राखले. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. हा मुलगा ख्रिस्ती घरात जन्मला होता, त्याचे नाव मंडळीच्या पुस्तकात होते, त्यास शिक्षण मिळाले होते व त्याचा विधीही झाला होता. पापाची कबुली देण्याच्याच ठिकाणी तो चोरी करीत होता.

पुढील वर्षी तो खोटी सबब सांगून माग्डेबुर्ग येथे गेला व तेथून ब्राउनश्वाइगला जाऊन एका महागड्या खाणावळीत राहिला. पैसे संपले, तेव्हा बिलाच्या मोबदल्यात त्यास आपले चांगले कपडे सोडून द्यावे लागले. तरी शहाणपण न येता तो वोल्फेनबुटेल गावी गेला व खिशात काही नसता पुन्हा एका खाणावळीत ऐटीने उतरला. तेथे तो पकडला गेला. 18 डिसेंबर 1821 पासून 12 जानेवारी 1822 पर्यंत तो तुरुंगात होता. त्या वेळी त्याचे वय सोळा वर्षांचे होते. नाताळाचा सण त्याने गजाआड काढला. तेथेही सोबतीचा प्रताप पाहा. त्याच्या कोठडीत एक चोर होता. त्या चोराने आपल्या चोऱ्या वर्णन केल्या, तेव्हा त्याच्यापुढे आपण कमी दिसू नये म्हणून जॉर्जने स्वतः कधीही न केलेली दुष्कृत्ये रचून सांगितली. वाईट सोबतीत मनुष्यास आपल्या पापाची लाज न वाटता आपल्या निष्पापपणाची लाज वाटू लागते. तिच्यातील मोठे विष ते हेच होय.

बापाने खाणावळीचे देणे फेडून त्यास सोडविले व घरी नेऊन कडक शिक्षा केली. जॉर्जने बाहेरून वर्तन सुधारले. नॉर्डहाउसेन येथील शाळेत तो अडीच वर्षे होता. पहाटे चार वाजता उठून अभ्यास करी, आणि शिक्षक इतर मुलांस त्याचा कित्ता घ्यावयास सांगत. त्याच्याजवळ सुमारे 300 पुस्तके होती, परंतु त्यांत बायबल नव्हते. याच काळात, पैसे उडवून झाल्यावर, त्याने स्वतःच आपल्या पेटीचे कुलूप फोडले व चोरी झाली म्हणून घाबरल्याचे सोंग करीत शाळेच्या मुख्याकडे धावत गेला. मित्रांना दया आली व त्यांनी वर्गणी करून त्यास पैसे दिले. अशा रीतीने मार, तुरुंग, अभ्यास व लौकिक या सर्वांतून जाऊनही त्याचे अंतःकरण होते तसेच राहिले.

1825 साली तो हाले येथील विद्यापीठात ईश्वरविद्या शिकावयास गेला व त्यास उपदेश करण्याची परवानगीही मिळाली. त्या विद्यापीठात सुमारे 1,260 विद्यार्थी होते व त्यांतील जवळजवळ 900 ईश्वरविद्येचे होते; परंतु देवाचे भय धरणारे त्यांत नऊही नसतील, असे पुढे म्युलर यांनी आपल्या आत्मवृत्तात लिहिले. आता आपण सुधारले पाहिजे, नाही तर कोणतीही मंडळी आपणास पाळक म्हणून घेणार नाही, असे त्याच्या मनात आले. सुधारणेचा एक उपाय म्हणून त्याने चांगला मित्र शोधण्याचे ठरविले.

येथे या हकीकतीतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट येते. हाल्बरश्टाटच्या शाळेत बेटा नावाचा एक मुलगा जॉर्जच्या वर्गात होता. तो शांत व गंभीर असल्यामुळे जॉर्ज त्यास तुच्छ मानीत असे. हाले येथे एका दारूच्या दुकानात दोघांची पुन्हा गाठ पडली. जॉर्जने विचार केला की, हा चांगल्या वळणाचा मुलगा आहे. याची मैत्री केली तर आपले वर्तन सुधारेल. बेटाच्या मनात मात्र निराळेच होते. त्यास पूर्वी प्रभूची ओळख झाली होती, परंतु तो मागे सरला होता. जॉर्जसारख्या रंगेल मित्राच्या संगतीने आपणासही जगाची मौज कळेल, या आशेने तो त्याच्याकडे आला होता. एक सुधारण्यासाठी आला, दुसरा बिघडण्यासाठी. आणि प्रथम तरी बिघडविणाऱ्याचीच सरशी झाली. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात जॉर्जने बेटास व इतर सोबत्यांस स्वित्झर्लंडच्या प्रवासाची गोडी लाविली. आईबापांच्या नावाने खोटी पत्रे लिहून त्यांनी परवाने मिळविले व पुस्तके गहाण ठेवून पैसे उभारले. त्रेचाळीस दिवसांच्या त्या प्रवासात सर्वांची थैली जॉर्जकडे होती. यहूदा इस्कर्योताप्रमाणे त्याने ती राखली. इतरांपेक्षा आपला खर्च एकतृतीयांशाने कमी पडेल अशी लबाडी त्याने केली, आणि ती आपल्या मित्रांस कळू दिली नाही.

परंतु परत आल्यावर बेटाचे मन त्यास खाऊ लागले. त्याने आपल्या बापाजवळ सर्व अपराध कबूल केला. पुढे हाले येथे वागनर नावाच्या एका व्यापाऱ्याशी त्याची ओळख झाली. हा वागनर पाळक नव्हता, पंडितही नव्हता. दर शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी काही विश्वासी माणसे जमत; ती गीत गात, प्रार्थना करीत, बायबलातील अध्याय वाचीत आणि एखादा छापील उपदेश वाचून दाखवीत. छापील उपदेशच वाचण्याचे कारण असे की, दीक्षित पाळक हजर नसता शास्त्राचे विवरण करणे त्या देशात त्या वेळी कायद्याने मना होते.

1825 च्या नोव्हेंबर महिन्यात एका शनिवारी दुपारी जॉर्ज व बेटा फिरावयास गेले असता बेटाने या सभेची गोष्ट काढली. जॉर्जने मलाही ने असे म्हटले, तेव्हा बेटा कचरला. अशा गुलहौशी तरुणास ती साधी मंडळी आवडेल की नाही, अशी त्यास शंका होती. तरी संध्याकाळी तो त्यास घेऊन गेला. अशा ठिकाणी कसे वागावे हे ठाऊक नसल्याने जॉर्जने, आपण आल्याबद्दल क्षमा असावी, अशा अर्थाचे काही शब्द वागनरास म्हटले. वागनराने प्रेमाने उत्तर दिले की, आमचे घर व आमचे हृदय तुमच्यासाठी उघडे आहे, वाटेल तेव्हा यावे. मग कायझर नावाच्या एका बंधूने, जो पुढे मिशनरी होऊन आफ्रिकेत गेला, गुडघे टेकून प्रार्थना केली. जॉर्ज वीस वर्षांचा होता, ईश्वरविद्येचा विद्यार्थी होता. परंतु मनुष्याने गुडघे टेकून प्रार्थना केलेली त्याने तोपर्यंत कधी पाहिली नव्हती, व स्वतःही केली नव्हती. त्याचे मन हलले. आपण या अडाणी व्यापाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक शिकलेले आहो, तरी याच्यासारखी प्रार्थना आपणास करता येणार नाही, असे त्यास वाटले. स्वित्झर्लंडातील सर्व मौज या एका संध्याकाळपुढे फिकी आहे, असे त्याने घरी जाताना बेटास सांगितले.

पुढच्या शनिवारची त्याने वाट पाहिली नाही. त्या आठवड्यात तो अनेक वेळा वागनराच्या घरी गेला. सर्व दोष एका दिवसात नाहीसे झाले असे मात्र नव्हे. पॅरिसला जाण्यासाठी पैसे मिळावेत म्हणून तो एका फ्रेंच कादंबरीचे भाषांतर करीत होता. ते तडकाफडकी त्यास सोडवेना. परंतु हळूहळू त्याचे मन त्यास टोचू लागले, आणि अखेरीस त्याने तो हस्तलेख जाळून टाकिला. जुने सोबती हसू लागले, दारूचे दुकान सुटले. मिशनरी होण्याची इच्छा त्याने बापास कळविली, तेव्हा बाप रागावला व रडला. आपल्या म्हातारपणाच्या सुखाची आशा बुडाली असे त्यास वाटले. त्या दिवसापासून म्युलर यांनी बापाकडून शिक्षणासाठी पैसा घ्यावयाचा नाही असे ठरविले, आणि हाले येथे आलेल्या अमेरिकन विद्वानांस जर्मन भाषा शिकवून ते आपला खर्च भागवू लागले. पूर्वी ज्या मुलाने बापाच्या ताब्यातील पैसा चोरला, तोच आता बापाने दिलेला पैसाही घेईनासा झाला.

त्यांचे पुढील आयुष्य थोडक्यात सांगतो. 1829 साली ते इंग्लंडास गेले. 1830 साली त्यांचे लग्न मेरी ग्रोव्हज या बाईशी झाले. तिचे भाऊ अँथनी नॉरिस ग्रोव्हज हे दातांच्या वैद्याचा भरभराटीचा धंदा सोडून प्रथम बगदादेस व पुढे हिंदुस्थानात सुवार्तेसाठी आले. त्याच वर्षी म्युलर यांनी ठरीव पगार घेणे सोडले. 1832 साली ते ब्रिस्टल शहरी गेले. हाले येथे फ्रांके या देवभक्ताने सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थापिलेले अनाथगृह त्यांनी पाहिले होते, व विद्यार्थी असता तेथे काही दिवस वास्तव्यही केले होते. फ्रांके यांचे चरित्र पुन्हा वाचून त्यांनी 1836 साली ब्रिस्टल येथे भाड्याच्या एका घरात अनाथ मुलींसाठी पहिले गृह उघडले. लोकांजवळ पैसा मागावयाचा नाही, प्रार्थनेत देवाजवळच मागावयाचा, असा त्यांचा नियम होता. 1849 पासून 1870 पर्यंत अ‍ॅशले डाउन या टेकडीवर पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या व त्यांत 2,000 वर मुलांची सोय झाली. त्यांच्या हयातीत सुमारे 10,000 अनाथ मुलांचे तेथे पालनपोषण झाले. ज्या हाताने लहानपणी सरकारी पैसा चोरला, त्याच हातातून अनाथांचा लक्षावधी पैसा गेला, आणि पै-पैचा हिशेब दरवर्षी छापून निघाला.

1875 नंतर सतरा वर्षे ते देशोदेशी उपदेश करीत हिंडले. ते आपल्या देशातही आले होते. 1890 च्या जानेवारीत जबलपूर येथे असता त्यांस आपली एकुलती मुलगी लिडिया वारल्याचे वर्तमान कळले. 10 मार्च 1898 रोजी, वयाच्या 92 व्या वर्षी, ते प्रभूमध्ये झोपी गेले. आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचा एक ऋणानुबंध आहे. पंडिता रमाबाईंनी त्यांची हकीकत वाचली व देवावर भरवसा ठेवून काम करण्यास त्यांस जे उत्तेजन मिळाले त्यात या वाचनाचा वाटा होता. दुष्काळातून आणिलेल्या मुलींसाठी केडगाव येथे जे मुक्तिसदन उभे राहिले, त्याच्या इतिहासात ब्रिस्टलच्या या प्रार्थनाशील मनुष्याचेही स्मरण होते.

आता आपण आईबापांच्या प्रश्नाकडे वळू. म्युलर याच्या बापाने पैसा दिला, शाळा दिली, मार दिला, मंडळीचा विधीही करविला. एक गोष्ट मात्र त्याने दिली नाही. त्या घरात गुडघे टेकलेला बाप मुलाने कधी पाहिला नाही. त्याने पाळक व्हावे ही इच्छा होती, परंतु ती भाकरीसाठी होती, आणि मुलास ते ठाऊक होते. आपल्या मंडळ्यांतही मुलाने मास्तर किंवा पाळक व्हावे असे पुष्कळांस वाटते; त्या इच्छेच्या मुळाशी काय आहे हे मुलापासून लपत नाही, हे आपण विसरू नये.

दुसरी गोष्ट उपदेशकबंधूंसाठी आहे. शास्त्र वाईट सोबत टाळावयास सांगते, आणि ते खरे आहे. बेटा एकटा जॉर्जकडे गेला तेव्हा त्याचे अकल्याणच झाले. पण मग कोणी असे विचारील की, सर्वांनीच जॉर्जसारख्यास टाळले असते, तर तो वाचला कसा असता? याचे उत्तर बेटाच्या वागण्यातच आहे. पहिल्या वेळी तो आपले पाप मनात दडवून, एकटा, मौजेच्या शोधात दारूच्या दुकानात गेला. दुसऱ्या वेळी त्याने आधी बापाजवळ कबुली दिली, मग तो बंधुवर्गास जाऊन मिळाला, आणि त्यानंतर मित्राच्या ठिकाणी न जाता त्याने मित्रास आपल्या ठिकाणी आणिले. दुबळ्या मुलाने एकट्याने बिघडलेल्याच्या बैठकीस जाऊ नये. परंतु मंडळीच्या बैठकीस त्यास हात धरून आणण्यास कोणी तरी हवा. आपला प्रभु जकातदारांच्या पंक्तीस बसला तो त्यांच्यासारखा होण्यासाठी नव्हे, तर त्यांस आपल्यासारखे करण्यासाठी बसला.

तिसरी गोष्ट अशी की, नुसती मनाई पुरत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात झाडून स्वच्छ केलेल्या घराविषयी प्रभूने सांगितले आहे. ते रिकामे राहिले म्हणून पहिल्यापेक्षा वाईट सात आत्मे त्यात शिरले. गुत्त्यात जाऊ नको, पत्त्यांच्या डावात बसू नको, असे आपण तरुणांस सांगतो. पण शनिवारी संध्याकाळी त्याने जावे कोठे, हे आपण सांगतो काय? वागनराजवळ देवालय नव्हते, पगार नव्हता, विद्या नव्हती. एक खोली, काही गीते, एक बायबल व उघडे दार एवढेच त्याच्याजवळ होते. त्या दारातून एक चोर आत आला आणि दहा हजार अनाथांचा बाप बाहेर पडला.

तुमच्या गावी असा एखादा तरुण असेल. त्याचे नाव मंडळीच्या पुस्तकात असेल, आणि त्याचे पाय कोठे जातात हे सर्व गावास ठाऊक असेल. येत्या शनिवारी आपल्या घरात दिवा लावा, दोघेचौघे जमा, आणि त्याच्या एखाद्या मित्राला सांगा की, त्यालाही घेऊन ये. तो आला म्हणजे त्याच्या मागच्या गोष्टी काढू नका. घर त्याच्यासाठी उघडे आहे एवढे त्यास कळू द्या, व मग त्याच्या देखत गुडघे टेका. पुढचे काम प्रभूचे आहे.